दुधाच्या रांगेतली तपासणी

कौसल्याला कुणाच्या दारावर टकटक करावी लागत नाही. ती सरळ ओसरीच्या पायरीवर बसते, छत्री भिंतीला टेकवते आणि आधी गोठ्याची चौकशी करते. गाय कितव्या महिन्यात आहे, वासराची हगवण थांबली का, हे सगळे झाल्यावर मग हळूच म्हणते, "आन् तुमचं वो? गुडघं काय म्हणत्यात?" माणूस स्वतःच्या दुखण्याविषयी लवकर तोंड उघडत नाही, जनावराच्या दुखण्यावरून मात्र बोलता बोलता आपल्यावर येतो. हे तिला कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवले नव्हते.

तिचे माहेर सुप्याकडचे, कोरडवाहू. लग्न होऊन वडगाव निंबाळकरजवळच्या वस्तीवर आली तेव्हा उसाचे एवढे हिरवे रान तिने पहिल्यांदा जवळून पाहिले. दहावी पास सून म्हणून वस्तीने तिला आशाताई केले, त्याला आता पंधरा वर्षे झाली. अंगाने ती भरलेली आहे. चाल भरभर आणि बोलणे सावकाश. एकदा रुग्णवाहिका वेळेवर आली नाही, तेव्हा अडलेल्या बाईला तिने दुधाच्या टेम्पोत, कॅनच्या मधे सतरंजी टाकून बारामतीला पोचवले होते. त्याबद्दल कुणी कौतुक केले की ती म्हणते, टेम्पो रोज जातोच, मी फक्त बाईला बसवलं.

हीच तिची रीत. नवे काही मागायच्या आधी, रोज काय चाललेय ते ती बघते.

आरोग्य केंद्राची गाडी दर गुरुवारी अकरा वाजता वस्तीच्या समाजमंदिरापाशी येऊन थांबायची आणि एकला निघायची. रक्तदाब, साखर तपासायची, महिन्याच्या गोळ्या द्यायची, असे तिचे काम. पण अकरा वाजता वस्तीवर असते कोण? पुरुष उसाला पाणी द्यायला गेलेले, बाया वैरणीला. वाकळ अंगावर घेऊन बसलेल्या दोन-तीन म्हाताऱ्या तेवढ्या यायच्या. गाडीबरोबरचा माणूस कागद भरायचा. त्यात कमी माणसे आल्याचे कारण लिहायला एकच ओळ होती, "लाभार्थी गैरहजर". तीन महिने तेच लिहून वर गेले आणि वरून निरोप आला, की या वस्तीचा थांबा पुढच्या महिन्यापासून बंद करावा.

कौसल्याने तो निरोप ऐकला. घरी येऊन नवऱ्याला, इंद्रजितला म्हणाली, की आपल्या वस्तीवर गेल्या वर्षात दोन माणसांना लकवा मारलाय, दोघांचंही बीपी कुणी कधी बघितलं नव्हतं. थांबा बंद झाला तर तिसरा कोण, एवढंच आता बघायचं राहतं. महिनाअखेरच्या बैठकीत हा थांबा वाचवायचा, असे तिने मनाशी ठरवून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला ती दूध संकलन केंद्रावर दूध घालायला उभी होती. पुढे-मागे किटल्या, कॅन आणि ओळखीची सगळी माणसे. उसात जाणारी, वैरणीला जाणारी, गुरुवारी कधीच न दिसणारी. केंद्राचा सचिव झुंबर एकेकाचे दूध मशीनला लावत होता, ज्यावर भाव ठरतो तो फॅटचा आकडा मोठ्याने सांगत होता. "तीन पाच! पुढं या. तीन आठ! आज पेंड चांगली खाल्ली जणू." प्रत्येक गाईच्या दुधाची रोज दोनदा तपासणी होत होती. कौसल्या किटली हातात धरून ते बघत राहिली, इतकी की मागच्या बाईने तिला पुढे ढकलले.

रक्तदाबाचे मशीन तिच्याकडे होतेच. त्याच संध्याकाळी तिने झुंबरकडे एक खुर्ची आणि भिंतीकडेची जागा मागितली. झुंबर म्हणाला, "घ्या की. फकस्त दुधाची रांग मोडू नका, न्हाय तर माझंच बीपी तपासाय लागंल."

रांग मोडली नाही. किटली रिकामी केली की माणूस खुर्चीवर टेकायचा, पाच मिनिटे श्वास खाली बसू द्यायचा, दंड पुढे करायचा. कौसल्या आकडा वाचायची, वहीत नाव लिहायची, ज्याचा जास्त निघेल त्याला आरोग्य केंद्रात जायला सांगायची. पहिल्याच आठवड्यात चाळीस माणसे झाली. तिला स्वतःचाच अभिमान वाटू लागला होता. तिथेच तिचे थोडे चुकले.

संभाजीआबा वस्तीतले मोठे बागायतदार. मिशा पांढऱ्या, आवाज खणखणीत. त्यांना वर्षभरापासून बीपीच्या गोळ्या चालू होत्या आणि ते त्या नेमाने घेत. पहिल्या दिवशी त्यांचा आकडा आला एकशे अडतीस. त्यांच्या मागचे भावकीतले म्हातारे बसले, त्यांचा आला एकशे छप्पन्न. घरी जाताना आबांची मान जरा खाली होती.

पंधरा दिवसांनी ते खुर्चीवर बसले, तेव्हा मशीनवर एकशे अठ्ठ्याहत्तर आणि एकशे सहा उमटले. कौसल्याने मशीन पुन्हा लावले, तोच आकडा. आबांनी मात्र मान वळवून रांगेकडे पाहिले.

"किती लागला?"

"आबा, एकशे अठ्ठ्याहत्तर."

"मग! हाय का वस्तीत कुणाचा येवढा?"

रांगेतला एकजण म्हणाला की आबांचे घराणेच दमदार. तेव्हा कौसल्याच्या लक्षात आले. या जागी उभ्या असलेल्या माणसाने उभ्या आयुष्यात मशीनवरचा एकच आकडा, फॅटचा, पाहिलेला होता, आणि तो जितका जास्त तितके चांगले. तीही झुंबरसारखीच आकडे मोठ्याने सांगत होती. किती असायला हवा, हे तिने कुणालाच सांगितले नव्हते.

"गोळ्या घेताय न्हवं?" तिने आवाज खाली आणून विचारले.

"सोडल्या. नंबर उतरवत्यात त्या."

किटली धुवायला मागे आलेल्या कुशाबाईंनी, आबांच्या बायकोने, हे ऐकले. "गाईची फॅट वाढंना, म्हणून ह्येंनी सवताचीच वाढवली," त्या म्हणाल्या. रांग हसली. कौसल्या हसली नाही.

आबांच्या उसाला ठिबक आहे, हे तिला ठाऊक होते. तिने विचारले, मोटारीचं प्रेशर वाढलं तर ठिबकच्या पाइपाचं काय होतं? आबा म्हणाले, होतंय काय, जॉइंट सुटतो, नाहीतर पाइप फाटतो.

"आबा, ह्ये दुधाचं न्हाय, ह्ये पाइपाचं प्रेशर हाय. आन् तुमचा जॉइंट डोस्क्यात हाय."

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. रांगेतले हसू थांबले होते. कौसल्याने तिथूनच आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना फोन लावला आणि दहाच्या आत आबांना इंद्रजितच्या मोटारसायकलवर बसवून तिकडे पाठवले. दुसऱ्या दिवसापासून ती आकडा फक्त ज्याचा त्याला, कानाशी सांगू लागली, आणि प्रत्येकाला आधी विचारू लागली, किती पाहिजे ते ठाऊक हाय का?

महिनाअखेरच्या बैठकीपर्यंत ही गोष्ट आरोग्य केंद्रात पोचली होती. डॉक्टर मॅडम, राजलक्ष्मी, तरुण, हुशार आणि थकलेल्या. शेजारच्या केंद्रातली डॉक्टरची जागा दीड वर्ष रिकामी, म्हणून दोन्हीकडे त्याच. त्यांच्यासमोर बंद करायच्या थांब्यांची वरून आलेली यादी होती. बैठकीतले एक पर्यवेक्षक म्हणाले, की दूध केंद्रावर असले प्रकार केले की असेच व्हायचे, लोक अडाणी, गोळ्या सोडून बसले.

कौसल्या उभी राहिली. तिने आबांची हकिगत पहिल्यापासून सांगितली, स्वतःची चूकही न झाकता सांगितली. मग म्हणाली, "आबा अडाणी न्हाईत सायेब. वर्षभर गोळ्या दिल्या, पर आकडा कशाचा ह्ये त्यास्नी कुणी सांगितलं? आपुन गोळी देतो आन् 'पुढचा!' म्हणतो."

तिने वही उघडली. बावीस सकाळी, शहाऐंशी माणसे. एकोणीस जणांचा रक्तदाब वाढलेला, त्यातल्या अकरा जणांना त्याआधी माहीतच नव्हते. हीच ती माणसे, ज्यांना तीन महिने गैरहजर लिहिले होते.

"मॅडम, माणसं गैरहजर न्हाईत. ती रोज सव्वासहाला एका जागी उभी असत्यात. गैरहजर गाडी असती."

डॉक्टर मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले आणि खरे ते सांगितले. गाडी तीन गावांत मिळून एक, चालकाची वेळ साडेनऊची, ती बदलणे त्यांच्या हातात नाही. डॉक्टरची दुसरी जागा भरली तरच त्या सकाळी येऊ शकतील.

"गाडी नको मला," कौसल्या म्हणाली. "तुमची सही द्या. दूध केंद्रावर तपासायची परवानगी, आन् गोळ्या उपकेंद्रात ठिवायची. तिथल्या सिस्टर आठवड्यातनं एक सकाळ येतो म्हणाल्यात."

मॅडमनी यादी पुढे ओढली. वस्तीच्या नावापुढे बंद करण्याची शिफारस छापलेली होती आणि कारणाला तीच एक ओळ. त्यांनी पेन काढले, ती ओळ खोडली आणि समासात स्वतःच्या हाताने लिहिले: "लोक हजर आहेत. वेळ आणि जागा चुकीची. तीन महिने दूध संकलन केंद्रावर तपासणीस परवानगी. इतर वस्त्यांसाठीही विचार व्हावा." पर्यवेक्षक म्हणाले, की समासात लिहिलेले वर चालत नाही. मॅडम म्हणाल्या, मग वरचे तसे मला लेखी कळवतील, आणि सही केली.

सगळे चहाला उठले, तरी कौसल्या टेबलापाशीच उभी. मॅडमनी विचारले, आणखी काय?

"ह्येची झेरॉक्स," ती म्हणाली. "मूळ कागद वर जाईल. वस्तीवर मला दाखवाय लागंल."

झेरॉक्स मिळेपर्यंत ती बाकावर बसून राहिली. शेजारच्या वस्तीची आशाताई तिच्याजवळ सरकली आणि विचारू लागली, की आमच्याकडंही दूध केंद्र आहे, तिथला सचिव जरा तापट आहे, त्याला कसं पटवायचं? कौसल्याने कागद हातात घेतला, सही नीट उमटली का ते पाहिले आणि म्हणाली, "उद्या सांजच्या दुधाला मी येते तुझ्याबरूबर. आधी त्येचंच बीपी बघू."