घोडा वळला की टीव्ही बंद

दादाच्या दहाव्याला तापीकाठी माझी फजिती झाली. पिंडाला कावळा शिवेना. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल, बोला." घरात गोष्टी सांगणारा मी, म्हणून सगळ्यांनी मलाच पुढे ढकललं. आणि मी हात जोडून बोललो काय, तर, "दादा, तुझ्या काऊबॉय पिक्चरांचे शेवट आता आम्ही पूर्ण बघू!" कठड्यावर बसलेला एकुलता एक कावळाही उडून गेला… शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

दादा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये होता. शिरपूरहून मला सुरतेत त्यानेच आणलं. उधन्याच्या दोन खोल्यांत आम्हा भावांचे संसार एकाच चुलीवर चालले. सुटीच्या दुपारी तो घोड्यांचे पिक्चर लावायचा. इंग्रजी ना त्याला कळायचं, ना आम्हाला. आवाज बंद करून सगळ्यांचं बोलणं तोच अहिराणीत करायचा. शेरीफसुद्धा "काय रे भो" म्हणायचा! पिक्चर कुठलाही असो, दादाच्या तोंडी गोष्ट एकच… भावामागे भाऊ उभा राहतो. पण शेवटी नायक सगळ्यांना वाचवून एकटाच घोडा वळवून निघाला की दादा भडकायचा. "भाऊसाठे गोळी खादी, आनि आते घर सोडीसन कथा चालना ह्या?" घर सोडून हा चाललाच कुठे, असं म्हणत खटकन टीव्ही बंद. आमच्या घरातून एकाही काऊबॉयला गाव सोडता आलं नाही. मलाही नाही. कामरेजला वेगळं घर बघून आलो, तर दादा एवढंच म्हणाला, "घोडं बांध."

आणि तोच निघून गेला. मिलमधून आला, पाणी मागितलं. वहिनी तांब्या घेऊन येईपर्यंत…

वहिनींना मूलबाळ नाही. परवा त्यांचा भाऊ त्यांना कायमचं माहेरी न्यायला आला. पिशवी भरून दाराशी ठेवलेली. थांबा म्हणायला माझी जीभ रेटेना. उगाच टीव्ही लावला, तर नेमके घोडेच! आवाज बंद करून दादासारखं बोलायला गेलो. "काय रे भो"च्या पुढे गाडी जाईना. पडद्यावर नायकाने घोडा वळवला. वहिनी उठल्या, खटकन टीव्ही बंद केला, आणि दाराशी ठेवलेली पिशवी उचलून आत नेली. भावाला म्हणाल्या, "तू जेवून जा."

तो गेल्यावर बायको डोळे पुसत मला म्हणाली, "दर्भाचा कावळा उगाच केला हो. खरा आज शिवला."