तळ्यातलं ग्रंथघर

आखातात, गाला नावाच्या औद्योगिक वस्तीतल्या एका सुतारी कारखान्यात मी लाकडाची मापं काढतो. देवावर श्रद्धा आहे, पण दैवी संकेत वगैरे सहसा मनावर घेत नाही. त्यामुळे दोन हजार चौदा-पंधराच्या सुमारास घडलेलं हे लिहावं की नाही, अशी शंका बरेच दिवस होती. जसं घडलं तसं लिहितो.

सोमचाई हा आमच्याकडचा थायलंडचा सुतार. त्याच्या गावच्या विहारात एक जुनं लाकडी ग्रंथघर आहे. ताडपत्रांवरच्या पवित्र ग्रंथांना वाळवी-मुंग्या लागू नयेत म्हणून ते तळ्याच्या मधोमध खांबांवर उभारलेलं. चोवीसपैकी नऊ खांब पाण्याच्या रेषेपाशी कुजले होते. दुरुस्ती जमत नसेल तर पाडून सिमेंटचं बांधू, असं गावात चाललं होतं. फोटो दाखवून तो म्हणाला, "भाई, तुम हिसाबवाला आदमी. बोलो, क्या करना?"

मी सगळं मांडून कागद लिहून दिला: आधी तळं उपसा, खांब महिनाभर वाळू द्या, मग मापं घ्या. ओल्या लाकडाचं माप खोटं, हा आमच्या कामातला पहिला नियम. त्याच संध्याकाळी विहारात फोन करून कळवतो, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एका घराच्या दारांची मापं घ्यायला सहम या समुद्रकाठच्या गावी गेलो. मालक यायला वेळ होता, म्हणून किनाऱ्यावर थांबलो. तिथे एक म्हातारा मच्छीमार वाळूत ओढलेल्या लाकडी होडीवर बादलीने पाणी ओतत होता.

"चाचा, सुखाते क्यों नहीं?"

"सूखेगा तो फटेगा. पचास साल पानी पिया है." माझ्या हातातल्या टेपकडे बघून तो हसला. "लकड़ी का काम करता है, इतना नहीं मालूम?"

ग्रंथघराच्या खांबांचंही पाण्याखालचं लाकूड पाण्यामुळेच शाबूत होतं. तेच मी वाळवून तडकवणार होतो, आणि मग ग्रंथघर खचलंच असतं. मी सोमचाईला फोन लावला.

"कळवलंस का?" मी हिंदीत विचारलं.

"नहीं भाई. पूनम का दिन था, सब पूजा में थे, विहार में कोई फोन नहीं उठाया. क्यों, हिसाब गलत?"

"हो."

"अच्छा," तो म्हणाला, "तुम्हारा भी होता है."

तळं उपसलं गेलं नाही. गावच्या सुतारांनी होडीत बसून, टेकू देऊन, कुजलेला पट्टा तेवढा कापला आणि नवं लाकूड सांधलं. ग्रंथघर उभं आहे. मी ते अजून पाहिलेलं नाही.

तो म्हातारा तेव्हाच तिथे का होता, याचं गणित मी मांडलं नाही. त्या संध्याकाळी देवापुढे बसलो, पण नेहमीचं मागणं काही सुचेना. मला वेळेवर अडवलंस, एवढंच म्हणालो. आताही मी मापं चोखच काढतो. फक्त कागदाच्या शेवटी एक ओळ लिहितो: तिथल्या जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय काम सुरू करू नये.