ओढा सरळ, रेघ वाकडी

आमच्या भीमनगरातल्या गिरणीवाल्या बाई गिरणी बंद असली तरी ओरडूनच बोलतात. पट्ट्याच्या घरघरीवर आवाज चढवायची सवय! ‘ज्वारी बारीक करू का जाडी?’ असं त्यांनी विचारलं, की हिंगोलीच्या एसटीची वाट बघणारी माणसंही वळून पाहतात. दळलेलं पीठ बाई चिमटीत धरून बघतात, आणि गरम लागलं तर डब्याला झाकण लावू देत नाहीत.

यंदा गावाचे वॉर्ड नव्याने पाडले. पुढाऱ्यांनी भीमनगर मधोमध कापून घेतलं. अर्धी घरं या वॉर्डात, अर्धी त्या वॉर्डात, म्हणजे आमचा माणूस कुठूनच निवडून येऊ नये. आम्ही हरकत घेतली. सुनावणीत साहेब म्हणाले, ‘हद्द ओढ्याप्रमाणेच घेतली आहे.’

बाई मागून उठल्या. ‘साहेब, ओढा तर सरळ वाहून राहिला. मंग तुमची रेघच काहून आमच्या घरात घुसून राहिली?’

‘बाई, हळू बोला.’

‘हळूच बोलून राहिले, साहेब. गिरणी बंद हाय.’

व्हरांड्यातली माणसंसुद्धा हसली. साहेबांनी नकाशा पुन्हा मागवला, आणि शेवटी रेघ ओढ्यावर परत गेली.

मतदानाच्या दिवशी बाई नवं लुगडं नेसून रांगेत सगळ्यांत पुढे होत्या. आत टेबलावरच्या माणसाने त्यांना नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि ते अख्ख्या भीमनगराला ऐकू गेलं.