हैदराबाद किती लांब

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी हैदराबादेत नोकरीला होतो, सुट्टीत गाडीनं जालन्याला यायचो. एकदा फलाटावर घनसावंगीकडची एक बाई दिसली. उतरेल त्याला ती एकच विचारत होती, "हैदराबाद किती लांब हाय?" कुणी कोस सांगे, कुणी तास. ती मान हलवून पुढच्याकडे वळे. हातात गाठोडं नव्हतं, म्हणजे तिला जायचं नव्हतं. मग हवं होतं तरी काय?

मलाही तिनं विचारलं.

"काल दुपारी निघाल्तो," मी म्हणालो.

"शिदोरी उरलीय का?"

भुकेली असेल म्हणून मी फडकं सोडलं. प्रवासात टिकाव्यात म्हणून दुधात पीठ मळून केलेल्या दशम्या होत्या. तिनं एकीचा कोपरा मोडला, हुंगला, डोळे मिटून सावकाश चावला. चेहरा उजळला.

"बिलकुल आंबली न्हाई! मंग लांब न्हाई म्हणायचं. लेकीला तिथलं स्थळ आलंय. मी धाडलेल्या दशम्या चांगल्या पोचतील."

नवऱ्याला दाखवायला एक तुकडा ती पदरात बांधू लागली. बांधता बांधता म्हणाली, "कुणी केल्यात?"

"बहिणीनं. तिला हैदराबादेतच दिलंय."

"तुझी माय जाती का तिच्याकडं?"

मला आठवून बघावं लागलं. "लग्न झाल्यापासून न्हाई गेली."

तिनं पदराची गाठ सोडली आणि तुकडा माझ्या हातावर परत ठेवला.

"मंग लई लांब हाय, बाबा."