उशाकडच्या विटा

आमच्या फुवांइतका मरणाला भिणारा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल, आणि आडवं पडायला भिणारा तर पृथ्वीच्या पाठीवर दुसरा सापडायचा नाही. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. नंदुरबारला मास्तरकी करत होतो तेव्हा मी यांच्याच घरी राहायचो, पण या गृहस्थाला सपाट झोपलेलं एकदाही पाहिलं नाही. पाठीशी तक्क्या, तक्क्यामागे गाठोडं, गाठोड्यामागे भिंत, असा त्यांचा निजण्याचा थाट. जरा मान कलली की दचकून जागे व्हायचे आणि छातीवर हात ठेवून विचारायचे, "मास्तर, शे का मी?" आहात, म्हटलं की पुन्हा डोळे मिटायचे.

बरं, छातीत सदा जळजळणाऱ्या या माणसाचा धंदा कसला, तर मिरचीचा! गावाबाहेर त्यांची पथारी होती, म्हणजे मिरची वाळवायचं मैदान. हिवाळाभर ते लालभडक असायचं आणि वाटेने जाणारा शिंकत जायचा. फुवा मिरची नुसती मोडून हुंगायचे आणि ती कुठल्या शिवारातली, पाणी किती प्यायलेली, सगळं सांगायचे. जिभेला मात्र लावायचे नाहीत. घरी पाहुण्यांना काळ्या मसाल्याची तर्रीदार शेवभाजी आणि यांच्या ताटात दूध नि ज्वारीच्या कण्या. कधी मोह झालाच तर शेजारच्या ताटाकडे झुकून वास घ्यायचे आणि लगेच ताठ व्हायचे, कारण वाकलं की घशाशी आंबट यायचं. थोरांच्या पाया पडतानासुद्धा पाठ ताठ ठेवून, विहिरीत बादली सोडावी तसे सरळ खाली उतरायचे. नव्या सोयऱ्यांना वाटायचं, काय हा माज. माज कसला हो, नुसती भीती होती.

आणि ती उगाच आलेली नव्हती. तरुणपणी एकदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते आमच्या घरी सासुरवाडीला आले होते. आखाजीला जावयाला खापरावरचे मांडे आणि आमरस किती वाढायचा याला आमच्याकडे धरबंध नाही. तो नको म्हणाला की आणखी वाढायचं. छातीत आधीच जळजळ, त्यावर रसाच्या वाट्या, आणि जेवण होताच स्वारी लवंडली. थोड्या वेळाने छाती धरून काळेनिळे पडले, तोंडून शब्द फुटेना. आता आमची माणसं प्रेमळ खरी, पण घाईची. पलंगावर प्राण गेला तर गती मिळत नाही, म्हणून जाणाऱ्याला सारवलेल्या भुईवर घेतात. आजोबांनी जावयाला भुईवर घेतलं, पाटासारखं सपाट. तोंडात तुळशीचं पान, वर गंगाजळ. फुईने हंबरडा फोडला, चुलत्यांनी गड्याला लाकडं काढायला सांगितलं. सपाट पडल्यावर पोटातला सगळा जाळ घशाशी आला, श्वास कोंडला आणि जबरदस्त ठसका लागून फुवा ताडकन उठून बसले. म्हणाले, "आग मन्ही छातीमा शे. लाकडं कसाले आनी ऱ्हायनात?"

पुढे आमच्या घरात ही हसायची गोष्ट होऊन बसली. दर आखाजीला कोणीतरी ती सांगायचं आणि सगळे पोट धरून हसायचे. फुवा कधी हसले नाहीत. एकदा पथारीवर मला हळूच म्हणाले, की भुईवर पडलो होतो तेव्हा सगळं ऐकू येत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. खरी वेळ येईल तेव्हाही ही माणसं मला असंच सपाट टाकतील, मी गुदमरत असेन आणि कोणाला कळणार नाही. हे ऐकून मला चेष्टा सुचेना.

शेवटी मीच त्यांना आगगाडीने सुरतेला नेलं. तिथल्या डॉक्टरने पांढरं खडूसारखं पाणी पाजून त्यांना यंत्राच्या मेजावर निजवलं आणि मेज डोक्याकडून खाली कलवलं. फुवांनी माझं मनगट असं आवळलं की नखं रुतली. डॉक्टर म्हणाला, छाती आणि पोट यांच्यामध्ये पडदा असतो, त्याच्या भोकातून जठराचा तुकडा वर सरकतो. थोडं थोडं जेवा, जेवून लगेच पडू नका, करदोडा सैल बांधा, पलंग उशाकडून उंच करा. फुवांनी यातलं 'वर सरकतो' एवढंच मनाशी धरलं. परतीच्या गाडीत आ करून मला घशात बघायला लावलं, कुठवर आलंय म्हणून.

फुईने मात्र घरी येताच पलंगाच्या उशाकडच्या खुरांखाली विटा दिल्या, आणि कित्येक वर्षांनी फुवा गाठोड्याशिवाय निजले. जळजळ पुष्कळ कमी झाली. भीती काही गेली नाही. विटांकडे बघून म्हणायचे, "पलंगले विटा शेत. भुईवर कोन देई?"

आणि गेले ते साध्या तापाने. ज्या पोटाला जन्मभर भ्याले, ते शेवटी मुकाट राहिलं. वाचा गेली होती, डोळे तेवढे फिरत होते. भाऊबंदांतले म्हातारे म्हणाले, आता भुईवर घ्या. त्याबरोबर फुवांनी पलंगाची कड धरली. फुई, जिने थोरांपुढे कधी पदर ढळू दिला नव्हता, ती खाली बसली, पलंगाखालच्या विटा ओढून काढल्या, भुईवर मांडल्या, त्यांवर पाट तिरपा टेकवला आणि गोधडी अंथरली. म्हातारे म्हणाले, हे रीतीत बसत नाही.

"पाय भुईवरच शेत ना?" ती म्हणाली. "आडं पडाले त्यास्ले भ्याव वाटस."

म्हातारे बाजूला झाले. आम्ही त्यांना उतरवून त्या उतारावर टेकवलं, तसा पलंगाच्या कडेवरचा हात सुटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हलले. आवाज आला नाही, पण प्रश्न मला पाठ होता. मी म्हटलं, "आहात, फुवा." त्यांनी डोळे मिटले.

तेराव्यानंतर फुईने त्या विटा धुऊन पुन्हा पलंगाखाली दिल्या. आता कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, इतकी वर्षं मीही त्याच उतारावर निजले रे, सपाटावर आता मला झोप लागत नाही.