टिकेकरांनी पास केलेला माल

मिसरोदच्या रवींद्र टिकेकरांनी उभ्या आयुष्यात विश्वास ठेवला तो फक्त स्वतःच्या डोळ्यांवर, आणि तोही चष्मा पुसल्यानंतर. कारखान्याच्या इन्स्पेक्शन विभागात चौतीस वर्षं माल नाकारण्यात गेली. निवृत्त झाले तरी खोड जाईना. दूधवाला, गॅसवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, कुणी सुटत नसे. मिक्सर दुरुस्तीला द्यायचा तर आतल्या प्रत्येक भागावर आधी बायकोच्या, मंजूषाबाईंच्या, नेलपॉलिशचा ठिपका लागे. दुकानदाराने भाग बदलला तर चोरी पकडता यावी म्हणून. आजवर एकही चोरी सापडली नव्हती. टिकेकर म्हणत, "ठिपक्याचा धाक आहे!"

अशा माणसाचा जीव एका जुन्या गेमिंग कॉम्प्युटरमध्ये गुंतला होता. लेक जुई कॉलेजात असताना बापलेकींनी मिळून तो जोडला होता. पुढे ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि दर रविवारी सकाळी अकराला दोघं ऑनलाइन गाड्या पळवू लागले. एरवी फोनवर "जेवलीस का?"च्या पुढे न सरकणारा हा बाप गाडी सुरू झाली की तिच्याशी तासभर बोलत असे.

दिवाळीनंतर जुई म्हणू लागली, "बाबा, तुमचं मशीन फार अडकतं हो. मजाच जाते. आधी त्याचं काहीतरी करा, मग खेळू."

सहा रविवार असेच गेले. टिकेकरांना इकडे काहीच अडकताना दिसत नव्हतं, पण लेक कशाला खोटं सांगेल? दोष मशीनचाच. आता जुन्यात नवे भाग घालायचे की सगळं नवंच जोडायचं, एवढाच प्रश्न होता. अशोका गार्डनचा दुकानदार झाकणही न उघडता म्हणाला, "नया बनवा लो." हबीबगंजजवळचा म्हणाला, "सिर्फ ग्राफिक्स कार्ड बदल लो." टिकेकरांनी दोघांनाही एकाच माळेचे मणी ठरवलं आणि मशीन उचलून घरी आणलं.

शेवटी शेजारच्या अबोलीताईंनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या, नवे जोडून विकणाऱ्या फैजानला धाडलं. हा घरी येऊन तपासायचा, म्हणजे डोळ्यांसमोर. तरी टिकेकरांनी आदल्या दिवशी सगळे ठिपके लावून ठेवले आणि टॉर्च घेऊन त्याच्या खांद्यापाशी ठाण मांडलं. फैजानने झाकण काढलं, लाल ठिपके बघून हसू दाबलं, धूळ झटकली, नेट तपासलं आणि तोच खेळ लावून तासभर गाडी पळवली. गाडी एकदाही अडकली नाही.

"अंकल, इसमें कुछ खराबी नहीं है. नेट भी बढ़िया आ रिया है. काय को खर्चा कर रिये हो?"

टिकेकरांच्या मनात पाल चुकचुकली. विकायला आलेला माणूस विकत का नाही?

"कार्ड गरम होता होगा."

"हाथ लगा के देख लो आप."

त्यांनी हात लावला. कार्ड जेमतेम कोमट होतं. ठिपके मोजले, सगळे जागच्या जागी होते. मशीन धडधाकट, नेट धडधाकट. मग सहा रविवार अडकत काय होतं?

चौतीस वर्षं त्यांनी दुनियेवर संशय घेतला होता, एकटी जुई सोडून. आता संशय घ्यायला तीच तेवढी उरली होती. टिकेकरांनी टॉर्च पुन्हा मशीनमध्ये धरला.

"बेटा, कुछ तो खराब होगा," ते म्हणाले. "ढूँढ़ो ना ज़रा."

आवाज असा काही लागला की फैजानने मान वर करून पाहिलं. इतका वेळ दाबलेलं हसू त्याच्या तोंडावरून गेलं. "आप बोलो तो नया बना दूँ, अंकल," तो हळूच म्हणाला.

"हाँ. नया ही बना दो."

संध्याकाळी टिकेकरांनी पुण्याला फोन लावला. मंजूषाबाई भाजी निवडत ऐकत होत्या.

"जुई, तुझंच बरोबर होतं. मशीन पार गेलंय. नवीन जोडायला सांगितलंय." लेकीच्या सबबीचा सदोष माल त्यांनी जन्मात पहिल्यांदा पास केला होता.

"नवीनच?" जुईने विचारलं.

"सुटे भाग मागवायचेत," टिकेकर म्हणाले. "महिना तरी लागेल म्हणतो तो. तुला घाई नाही ना?"

"नाही, नाही," जुई पटकन म्हणाली. "सावकाश होऊ द्या, बाबा."

"बरं," टिकेकर म्हणाले. "जेवलीस का?"