दत्तारामच्या तोंडून वदवलेलं गाऱ्हाणं

आमच्या बुरोंडीतली मनिषा दिसायला काडी, पण डूख धरावा तर हिनंच. तोही कुणावर? सख्ख्या काकावर, दत्तारामवर.

लहानपणी हिला रक्ताचा कॅन्सर झाला. मुंबईला लाल औषध सलाइनमधून चढवलं, पोर वाचली. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलेलं, "या औषधानं पुढं कधीही हृदय कमजोर होऊ शकतं. त्रास नसला तरी ठरल्यावेळी इको करत राहा, जन्मभर." इको म्हणजे छातीवर यंत्र फिरवून हृदय पडद्यावर बघतात ना, ते. दुखत नाही काही.

बाप मुंबईला कामाला, घरात शब्द काकाचा. मनी लग्नाची झाली तसा हा म्हणतो, "आता हॉस्पिटल बंद. कुणी बघितलं तर स्थळ येईल काय? आणि देवीचा नवस फेडलाय. परत तपासणी म्हंजे देवीवर अविश्वास."

मेला होडीच्या इंजिनाला मात्र दरवर्षी मिस्त्री आणतो! मी शेजारीण, तसं बोलले तर म्हणाला, "वहिनी, तुम्ही तुमची मासळी बघा."

यंदा पाटी डोक्यावर घेऊन घाटी चढताना मनी मधेच बसली. धाप थांबेना.

"रडू नको गो," मी म्हटलं.

"रडतंय कोण? मावशी, शिमग्याची पालखी दारात येऊ दे. याला याच्याच तोंडानं उघडा पाडते."

पालखीपुढं गाऱ्हाणं घालायचा मान दत्तारामचा. आमची रीत अशी, की नारळ देणारी बाई जे सांगेल ते मानकऱ्यानं देवीला मोठ्यानं, जसंच्या तसं सांगायचं. शब्द गाळला तर मान गेला.

पालखी आली. मनीनं काकाच्या हातात नारळ ठेवला.

"बोला. आई, या पोरीला लहानपणी कॅन्सर झाला होता."

ढोल थांबले. दत्तारामचं तोंड सुकटीसारखं झालं. "मने, घरातली गोष्ट..."

"नारळ तुमच्या हातात हाय, काका."

बोलला बिचारा. बिचारा कसला! मनी सांगेल तसं पुढंही बोलत गेला.

"तिच्या हृदयाची तपासणी ज्यानं बंद केली..."

"व्हय म्हाराजा!" गाव सवयीनं ओरडला.

"...तो मी, दत्ताराम."

सगळे दत्तारामकडं वळले. मग मीच ओरडले, "व्हय म्हाराजा!" इतकी चांगली संधी कोण सोडतंय?

"पालखी सगळी घरं फिरून देवळात जायच्या आत मी तिला रत्नागिरीला नेईन." हेही वदवलं तिनं.

नेलं. इकोत दिसलं, हृदयाचा जोर कमी झालाय. डॉक्टरीण म्हणाली, "गोळ्यांनी सांभाळता येईल. पण इतकी वर्षं कुठं होतात?" दत्ताराम चपलांकडं बघत बसला. बाहेर आल्यावर म्हणाला, "चुकलं गो बाय."

"ऐकलं," मनी म्हणाली. बस्स, एवढंच.

मी समजावलं, "आता तरी सोड त्याला."

"सोडते? अजून स्थळं यायचीत, मावशी."

परवा गुहागरचे पाव्हणे आले. मनीनं चहा दिला आणि गोड हसून म्हणाली, "माझ्या तब्येतीचं काका सांगतील."

दत्तारामनं कप खाली ठेवला. "तसं काय नाय... लहानपणी जरा..." आणि अडला. मदतीला म्हणून मनीकडं बघितलं.

ती दाराला टेकून निवांत उभी. "पुढं, काका. गोळ्यांचंपण सांगा."